ऑइलचा लाल दिवा लागला म्हणजे पंपच गेला?

"ऑइलचा लाल दिवा लागला म्हणजे ऑइल पंप गेला. तात्पुरतं जाड ऑइल टाका, गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत न्या आणि पंप बदलून घ्या." हा सल्ला सध्या जो तो पुढे पाठवतोय. चांगली इंजिनं यात हकनाक जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हळूहळू न्या" हा यातला सगळ्यात घातक भाग. बहुतेक गाड्यांत ऑइलचा स्विच तेलाचा दाब ५-७ पीएसआयच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. म्हणजे दिवा दिसला तेव्हा दाब जवळपास संपलेला असतो. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यामधला तेलाचा थर तुटला की धातूवर धातू घासतो, मग वेग कमी असून उपयोग नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, पुढे टो करून न्या.

आता "पंपच गेला" याबद्दल. पंपाचं काम तेल ढकलणं. दाब तयार होतो तो त्या तेलाला बेअरिंगच्या केसाहून बारीक फटीतून वाट काढावी लागते म्हणून. फट झिजून रुंद झाली तर नव्याकोऱ्या पंपानेही दाब धरत नाही. शिवाय पंप कायम तेलातच फिरतो, सहसा लवकर झिजत नाही. माझा संशय त्याच्यावर सगळ्यात शेवटी जातो.

आधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं झालेली. पातळी कमी आहे का, तेलाला इंधनाचा वास येतोय का, ते पाणी मिसळून दुधाळ झालंय का, बघा. मग स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पुरतं तापल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि २००० आरपीएमला दाब मोजून मॅन्युअलशी ताडून पाहा. जुना ठोकताळा दर १००० आरपीएमला १० पीएसआयचा. दाब नीट आला तर दोष स्विचचा किंवा वायरचा. थंड असताना ठीक आणि गरम आयडलला पडत असेल तर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलंय. काटा थरथरत असेल तर पंप बहुधा हवा ओढतोय. पंप ज्यातून तेल ओढतो त्या सक्शन पाइपची ओ-रिंग (रबरी सील) तपासा. सगळ्याच वेगांना कमी असेल तर आधी तेल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी, मग उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा), आणि मग पंप बघा.

"पंप गेलाय" म्हणून आलेल्या एका इंजिनाचा चेंबर (खालची तेलाची टाकी) मी उतरवला होता. आधी कुणीतरी चेंबर बसवताना सीलंट थापून लावलं होतं. त्याचे रबरासारखे तुकडे जाळीवर चिकटून निम्मी जाळी बंद. पंपाच्या रोटरवर ओरखडासुद्धा नव्हता.

जाड ऑइलने काटा थोडा वर चढतो, आजार तसाच राहतो. तुंबलेल्या जाळीतून ते आणखी अडखळत येतं, आणि थंड इंजिन सुरू करताना वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोचतं.

पंप खरंच बदलायचा असेल, तर बसवण्याआधी त्यात तेल भरा. कोरडा पंप सुरुवातीला तेल खेचत नाही, आणि तेवढे काही सेकंद नवी बेअरिंगंही कोरडी फिरतात.