‘एकही दिवस चुकवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. ‘शंभर दिवसांत हाफ मॅरेथॉन’ (म्हणजे सुमारे २१ किलोमीटरची शर्यत) असं त्याचं नाव. मजकूर थोडक्यात असा: रोज धावा, एकही दिवस चुकवू नका, एक दिवस चुकला की आठवड्याची मेहनत पाण्यात. धाप लागेपर्यंत धावला नाहीत तर तो सराव नव्हे. दुखणं मनाचं असतं. फारच दुखलं तर निघण्याआधी एक गोळी घ्या. पहाटे रिकाम्या पोटी धावा, चरबी जळते. तहान लागायच्या आत भरपूर पाणी प्या. रोज कालच्यापेक्षा टायमिंग सुधारलंच पाहिजे. आणि शेवटी, ऑलिंपिक धावपटू ललिता बाबरच्या जिल्ह्यातले ना तुम्ही? मग सबबी कसल्या सांगता?

पाठवणारे सगळे माझ्या माहितीतले, हेतू चांगलाच. पण माझं साताऱ्यात औषधाचं दुकान आहे आणि मी स्वतः नऊ वर्षं धावते. हा मेसेज वाचून पावसाळ्यात नव्याने धावायला लागलेली माणसं लंगडत माझ्या काउंटरवर येतात. मीही एका हिवाळ्यात नेमकं असंच वागले होते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘एकही दिवस चुकवू नका.’ यातली शिस्तीची हौस मला कळते, पण धावताना शरीर ताकद कमावत नाही, खर्च करते. कमाई होते ती नंतर, झोपेत आणि सुट्टीच्या दिवशी. हाडाचंच बघा. ताण पडला की शरीर जुनं हाड आधी पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. काढायचं काम लवकर होतं, भरायचं सावकाश. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नवख्या माणसाचा दम पाच-सहा आठवड्यांत चांगलाच वाढतो, त्यामुळे त्याला वाटतं आपण तयार झालो. हाडं आणि स्नायुबंध मात्र अजून मागेच असतात.

आणि एक दिवस चुकल्याने काही जात नाही. सराव पूर्ण थांबला तरी पहिल्या आठवडाभरात दमात फारसा फरक पडत नाही. खरी घसरण दोन-तीन आठवड्यांनंतर जाणवू लागते. पुतणीच्या लग्नात तीन दिवस गेले, परीक्षेचं सुपरव्हिजन लागलं, पोराला ताप आला, अशा सुट्ट्यांनी आजवर कुणाची हाफ बुडालेली मी पाहिली नाही. बुडाली ती चुकलेलं भरून काढायला एका रविवारी दुप्पट धावल्याने.

माझे सासरे कोरेगाव तालुक्यातले शेतकरी. मी रोज पहाटे निघायचे तेव्हा ते एकदा म्हणाले, “सूनबाई, बेंदराला आम्ही बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावतो. त्या दिवशी जू ठेवत नाही. तुझा बेंदूर कधी?” मी हसून निघून गेले. ते ऐकायला हवं होतं.

‘धाप लागेपर्यंत धावला नाहीत तर तो सराव नव्हे.’ मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे, कारण ते पटतं. घाम निथळला, छाती भरून आली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण स्टीफन सायलर या संशोधकाने जगातल्या उत्तम नौकानयनपटू, सायकलपटू, धावपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की त्यांच्या दहातल्या साधारण आठ खेपा हळू असतात, सहज बोलता येईल इतक्या. लांब पल्ल्याचं शरीर त्या हळू धावण्यातच घडतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते. आपण हौशी लोक नेमकं उलटं करतो. हळू पळायचं त्या दिवशी जोरात पळतो, आणि जोरात पळायचं त्या दिवशी पाय उचलत नाहीत.

याला घड्याळही लागत नाही. समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच बघायचं. येत नसेल तर वेग कमी करायचा, चढावर चालायचं. यवतेश्वरच्या घाटात चालणाऱ्याला मी कधीच कमी मानलेलं नाही. खड्या चढाला भराभर चालणं आणि रखडत धावणं यांच्या वेगात फार अंतर नसतं, आणि चालणाऱ्याचे पाय उतारासाठी शिल्लक राहतात.

उताराचा विषय मेसेजमध्ये कुठेच नाही. साताऱ्याच्या हाफला, जी २०१२ पासून होते, जाताना चढ आणि येताना उतार. नवखी माणसं चढाची भीती घेऊन येतात. पण मांड्या मोडतात उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावतो, आणि या कामात त्याच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते. ते दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्यामुळे. म्हणून सरावात उतार थोडा थोडा, आधीपासून घ्यावा लागतो. लहान पावलं, पाय अंगाच्या फार पुढे टाकायचा नाही. आणि त्यानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवायचे. मेसेज पाळला तर ते मिळणारच नाहीत.

‘दुखणं मनाचं असतं.’ इथे मला माझीच हकीकत सांगावी लागते. एका हिवाळ्यात मी ४७ दिवस सलग धावले. दिवस मोजत होते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने फुल्या मारत होते. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग दुकानात नुसतं उभं राहिलं तरी. अंगठ्याने दाबलं तर रुपयाएवढ्या एकाच जागी कळ यायची, तिच्या वर-खाली काही नाही. मी पट्टी बांधली, बर्फ लावला आणि फुल्या मारत राहिले. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. तो हातात घेऊन मी आनंदाने पुन्हा धावले. सत्तेचाळिसाव्या दिवशी गोडोलीच्या रस्त्यावर पाय टेकवेना. मुलाने गाडीवरून घरी आणलं.

एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर दिसली. अशा चिरा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाहीत, हे मला, औषधांचं शिक्षण घेतलेल्या बाईला, तेव्हा माहीत नव्हतं. आता काउंटरवर नडगी धरून आलेल्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारते. दुखणं पसरलेलं आहे की बोटाने दाखवता येतं? अंग गरम झाल्यावर कमी होतं की वाढतं? त्या एका पायावर उडी मारता येते का? बोटाने दाखवता आलं, धावताना वाढत गेलं आणि उडी मारवेना, तर मलम देत नाही, डॉक्टरकडे पाठवते.

पुढचे तीन महिने सगळ्यात वाईट गेले, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पाय दुखत नव्हता, पण सकाळ रिकामी झाली होती. साडेपाचला जाग यायची आणि करायला काही नसायचं. ग्रुपचे फोटो यायचे ते मी उघडत नव्हते. चिडचिड घरच्यांवर निघाली. शेवटी शाहू स्टेडियमवर परत सुरुवात केली ती दोन मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं अशी. शाळकरी पोरं बाजूने सुसाट जात होती. मी पहिल्या दिवशी एकूण आठ मिनिटं धावले. घरी येऊन नवऱ्याला सांगताना मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

‘फारच दुखलं तर एक गोळी घ्या.’ हे लिहिणाऱ्याने कृपा करून खोडावं. शर्यतीच्या आदल्या शनिवारी दुकानात गर्दी असते. “ताई, एक पत्ता द्या ना, उद्यासाठी.” हे वाक्य मी एका संध्याकाळी वीसदा ऐकलं आहे. लांब धावताना रक्त पायांकडे वळतं, मूत्रपिंडाकडे कमी जातं, त्यात घामाने पाणी घटतं. अशा वेळी मूत्रपिंडाला रक्त पुरवत ठेवणारी जी सोय शरीरात असते, तीच आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बंद करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अति लांब पल्ल्याच्या धावपटूंवरच्या एका चाचणीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडाला तात्पुरती इजा दिसली, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के. ते अंतर आपल्या हाफपेक्षा पुष्कळ मोठं, हे खरं. पण गोळीचा आणखी एक तोटा साध्या शर्यतीतही होतो: थांबवणारी कळच ती गप्प करते. मी त्या शनिवारी पत्ता देत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, जाऊ दे.

तापात धावण्याबद्दल मेसेज गप्प आहे, पण ‘एकही दिवस’ मध्ये तोही आलाच. पावसाळ्यात ताप साताऱ्यात घरोघरी असतो. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात आणि त्या अवस्थेतले कष्ट जिवावर बेतू शकतात. ताप असेल, छातीत दुखत असेल, तर धावायचं नाही. यावर चर्चा नको.

‘रिकाम्या पोटी धावा.’ अर्धा-पाऊण तास हळू धावायचं असेल तर कुणाकुणाला चालतं. पण लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब सरावाला नाही, आणि बायकांना तर मुळीच नाही. आपली शर्यत येते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे सगळ्यात लांब रविवार नेमके श्रावणाच्या आसपास पडतात. श्रावणी सोमवार, मंगळागौर, शुक्रवार, पुढे हरतालिका. रविवारी अठरा किलोमीटर धावून सोमवारी उपास धरणाऱ्या कितीतरी जणी मी ओळखते. दीड-दोन तासांच्या धावण्यानंतर स्नायूंतला साखरेचा साठा जवळपास रिकामा होतो आणि तो भरायला नीट जेवूनही दिवसभर लागतो. उपास मोडा असं मी सांगणार नाही, मी स्वतः करते. पण निर्जळी नको, आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दाण्याचं कूट सढळ घालून, ताक, केळी, राजगिऱ्याचे लाडू, असं पोटभर खा. वजन उतरेल म्हणून अर्धपोटी राहू नका.

कारण पुरेसं न खाता कष्ट करत राहिलं तर शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आणि ती पुरुषांतही असते हे नमूद केलं. त्यात आपल्याकडे रक्त मुळातच कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. माझी चीर पडली त्या हिवाळ्यात माझी पाळी दोन महिने चुकली होती आणि मी ते वयावर ढकललं होतं. टायमिंग उगाच घसरत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर जास्त सराव करू नका. रक्त तपासा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो.

‘तहान लागायच्या आत भरपूर पाणी प्या.’ थोडक्यात: तहान लागेल तसं प्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीच्या खाली उतरलं होतं. मुख्य खूण होती ती धावताना वजन वाढणं, म्हणजे पाणी जास्त झालेलं. पावसात, गार हवेत, धुक्यात धावताना प्रत्येक टेबलावर दोन ग्लास रिचवायची काही गरज नाही.

‘रोज कालच्यापेक्षा टायमिंग सुधारलंच पाहिजे. ललिता बाबरच्या जिल्ह्यातले ना?’ तर मग ललिताताईंचंच उदाहरण घेऊ. माण तालुक्यातल्या मोही गावची मुलगी, लांब पल्ल्यावरून स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळली, २०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपद मिळवलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पूर्ण केली, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. दोन दिवसांनी अंतिम फेरी. आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत, तयारीचा कळस, आणि वेळ आली ९ मिनिटं २२.७४ सेकंद. म्हणजे तीन सेकंद जास्त. त्या दहाव्या आल्या आणि आपण सगळ्यांनी अभिमानाने डोळे पुसले. दोन दिवसांत त्यांची मेहनत वाया गेली, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग उकाड्यात, रात्री दुकान बंद करून, पाच तास झोपून धावणाऱ्या माणसाने मंगळवारचं टायमिंग सोमवारपेक्षा खाली आलं नाही म्हणून स्वतःला का कोसावं?

माझी सगळ्यात चांगली हाफ चौथी होती. पाचवी तिच्यापेक्षा अकरा मिनिटं हळू. सहाव्या वर्षी नंबर घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, नडगी पुन्हा कुरकुरत होती म्हणून. सातवी पुन्हा पूर्ण केली.

मेसेज पाठवणाऱ्या सात जणांत माझा भाचा होता. तेवीस वर्षांचा, यंदा पहिल्यांदा धावतोय. सोमवारी रात्री दुकानात आला, गुडघ्याला पट्टी. “मामी, आज एकोणतिसावा दिवस झाला. उद्या नाही गेलो तर पुन्हा एकपासून मोजायचं का?” मी त्याची पट्टी सोडायला लावली, गुडघा बघितला, थकवा होता, बाकी काही नव्हतं. म्हटलं उद्या झोप, आठ वाजेपर्यंत. बुधवारी माझ्याबरोबर चल.

बुधवारी पाऊस भुरभुरत होता. राजवाड्यापासून बोगद्यापर्यंत तो मला त्याच्या कंपनीतल्या नव्या साहेबाबद्दल सांगत होता, एकदाही न थांबता.