अल्जिनेट, आतड्यातले ‘थर’ आणि व्हिनेगरचा उतारा

‘आइस्क्रीममध्ये आणि ॲसिडिटीच्या औषधात सोडियम अल्जिनेट नावाचं प्लास्टिक असतं. माणसाला ते पचत नाही, आतड्यात थर साचतात, पुढे कॅन्सर. जपानी लोकांचे जीन वेगळे, म्हणून त्यांना चालतं. उपाय: रोज अनशापोटी दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर.’ हा फॉरवर्ड वाचून आमच्या मावशीने छातीतल्या जळजळीवर डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद केलं आणि व्हिनेगर सुरू केलं.

प्लास्टिक वगैरे काही नाही. अल्जिनेट तपकिरी समुद्री शैवालातून काढतात. पाकिटावर ‘आयएनएस 401’ लिहिलेलं असतं ते हेच.

पचत नाही, हे खरं. अल्जिनेट म्हणजे साखरेसारख्या रेणूंची लांबलचक साखळी. ती तोडणारं एन्झाइम, अल्जिनेट लायेज, आपलं शरीर बनवतच नाही. ते बनवतात जीवाणू: समुद्रातले, मातीतले आणि काही माणसांच्या आतड्यातलेही. बॅक्टेरॉइड्स ओव्हॅटस त्यातलाच. आपली पाचक एन्झाइमं पाण्याचा रेणू घालून बंध तोडतात. लायेजला पाणी लागत नाही, ते तुटलेल्या टोकावर दुहेरी बंध सोडून जातं. ज्यांच्या पोटात असे जीवाणू नाहीत त्यांचं काय? मेथीच्या देठांचं होतं तेच. सकाळी बाहेर. न पचणारं सगळं साचत असतं तर भाजी खाणारा एकही माणूस वाचला नसता.

आता व्हिनेगर. इथे माझं डोकं फिरतं. अल्जिनेट आम्लात विरघळत नाही, उलट घट्ट होतं. जठरातलं आम्ल व्हिनेगरपेक्षा कितीतरी जहाल. त्यात ते विरघळत नाही तर दोन चमच्यांनी काय होणार? मुळात औषध चालतं ते याच गुणावर. आम्लात त्याचा जेल होतो, सोबतच्या बायकार्बोनेटच्या वायूने तो हलका होऊन जठरातल्या द्रवावर तरंगतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत येऊ देत नाही. म्हणजे जळजळ अडवणारं झाकण काढायचं आणि वरून आम्ल ओतायचं. वा रे उपाय!

कॅन्सरचं म्हणाल तर युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2017 साली अल्जिनेटांची फेरतपासणी केली. कॅन्सरचा धोका दिसला नाही, रोजच्या प्रमाणाला आकडी मर्यादा घालायचीही गरज वाटली नाही. अगदी तान्ह्या बाळांचा प्रश्न तेवढा वेगळा ठेवला. फार खाल्लं तर पोट फुगेल, हे मान्य.

जपान्यांची गोष्ट 2010 च्या ‘नेचर’मधल्या शोधनिबंधावरून उचललेली दिसते. त्यात जीन होते आतड्यातल्या जीवाणूंचे, माणसांचे नव्हेत. शिवाय त्या जीनपासून बनणारं एन्झाइम तोडतं ते पोर्फिरान, म्हणजे नोरीतली अशीच एक वेगळी साखळी. नोरी म्हणजे सुशीला गुंडाळतात ते लाल शैवाल. तिचा अल्जिनेटशी संबंध नाही.

या औषधांबाबत विचारण्यासारखी गोष्ट आहे ती सोडियमची. बीपीवाल्यांनी ती डॉक्टरांना जरूर विचारावी, मावशीनेही. फॉरवर्डमध्ये तिच्याबद्दल एक अक्षर नाही.