पाखाडीला लागलेलं कुलूप

सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात मामेभावाचा व्हिडिओ आला. आमच्या आजोळची, गुहागर तालुक्यातली, वाडीतून खाली समुद्राकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट. अर्ध्यावर काळं लोखंडी गेट, त्याला कुलूप, वर पाटी: 'खाजगी मालमत्ता. प्रवेश बंद.' जुना गडगा पाडून उंच कंपाउंड घातलंय. चहा तसाच गार झाला.

त्या पाखाडीने मामी चाळीस वर्षं मासळी आणायला जातेय. शिमग्यात पालखी त्याच पायऱ्यांनी वर येते. पुढच्या शिमग्यात पालखी कुठून आणायची, सांगा ना कुणीतरी!

आणि मला तो वेल्समधला शेतकरी आठवला. मे महिन्यात कार्डिफहून आम्ही पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर गेलो होतो. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाघ आणि जीप येते. हा किनारा १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यात माणसं राहतात, गाई चरतात, बटाटे पिकतात. कड्याकड्याने जवळजवळ ३०० किलोमीटरची पायवाट आहे, १९७० साली खुली झालेली. आम्ही चाललो तो अबरायदी ते पोर्थगाइन एवढाच तुकडा. अबरायदीला पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात समुद्र शिरून निळंहिरवं तळं झालंय. पुढे पिवळी काटेरी झुडपं, गुलाबी फुलांचे गुच्छ, खाली लाटा. मग वाट एका शेताच्या फाटकाशी आली. आत गाई. आपल्या सवयीने मी थबकले. तेवढ्यात शेतकरी आला, त्याला विचारलं, आत गेलं तर चालेल का? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "फक्त फाटक लावून घ्या, गाई बाहेर येतात."

बस्स, एवढंच. जमीन त्याची, वाट सगळ्यांची. १९४९ च्या कायद्याने तिथे अशा वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. नोंदलेली वाट अडवणं हा गुन्हा आहे. म्हणून तर पोर्थगाइनसारखं मोजक्या घरांचं बंदर आम्हाला पायी गाठता आलं. रस्त्यासाठी फोडलेली खडी जिथून जहाजात भरायचे ते विटांचे प्रचंड कप्पे अजून धक्क्यावर उभे आहेत. बाकी चार होड्या आणि शांतता. गाडीने गेलो असतो तर दहा मिनिटांत फोटो काढून परत फिरलो असतो.

तिथेही सगळं गोड नाही, मान्य. कितीतरी घरं नुसती सुट्टीपुरती, गावातल्या पोरांना घर परवडत नाही. आणि आपल्याकडे सागरी महामार्गही हवाच, रात्री पेशंट न्यायचा तर रस्ता लागतोच. पण म्हणून पायवाट मरू द्यायची?

आणि हे काही परक्यांकडून शिकायला नको होतं. आता जिथे गेट आहे तिथेच पूर्वी बेडं होतं. दोन दगडी खांब, भोकांतून सरकवलेले बांबू. आजोबा आम्हा पोरांना पलीकडे सोडायचे आणि ओरडायचे, "बेडं घाला रे, गुरं शिरतील!" त्या शेतकऱ्याने दुसरं काय सांगितलं मला?

सकाळी त्या प्लॉटवाल्यांवर फार चिडले होते. आता लिहिताना वाटतंय, त्यांना कुणी सांगितलंच नसेल. एजंटने सातबारा दाखवला असेल, आणि सातबाऱ्यावर पालखी थोडीच दिसते.

पण पायऱ्या दिसतात ना! जांभ्याच्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. पावसाळ्यात फटीफटीतून तेरडा येतो. एवढी झिजलेली पायरी बघून कुणाला कळत नाही की इथून माणसं जातात? नाही, मला नाही पटत.

मामेभावाशी आत्ताच बोलले. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. गेट लागून तीन आठवडे झालेत. सोमवारी तो मोजणी ऑफिसात गाव नकाशाची नक्कल काढायला जातोय. आजोळच्या ज्या कुणाकडे त्या पाखाडीवरून पालखी चढतानाचे जुने फोटो असतील, त्यांनी मला आजच पाठवा. आणि तहसीलमध्ये असा अर्ज कुणी केला असेल तर कृपया इनबॉक्समध्ये या. मामी तेव्हापासून लांबच्या डांबरी रस्त्याने जातेय, गुडघा धरून.