लढाई चालू असताना आम्ही नाईलवर होतो

काल भाचीचा फोन आला. "आत्या, नाईल क्रूझचं बुक करतेय, पण घरात सगळे नको म्हणतायत. तू आणि मोठी आत्या गेला होतात ना, गाझाची लढाई पेटली होती तेव्हा? सेफ आहे का गं?" फोनवर दहा मिनिटांत जे बोलले ते अर्धवटच राहिलं. शिवाय हाच प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

मुळात इजिप्तला जायचं ते ताईसाठी. बाबा रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. ताई नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी पेपरातला एक फोटो कापून तिच्या वहीत चिकटवला होता: क्रेनला लटकलेला, इजिप्तच्या रामसेस राजाचा भलामोठा दगडी चेहरा. नाईलवर आस्वानचं धरण बांधल्यावर अबू सिंबेलची देवळं पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात अख्खा डोंगर कापून, एकेक तुकडा उचलून ती साधारण ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. बाबांना राजाराणीत काही रस नव्हता. "एवढे मोठे दगड कापून परत जुळवले, सांधा कसा बसवला असेल?" हे ते कितीदा म्हणायचे. ताईच्या डोक्यात ते तेव्हापासून बसलेलं. सदुसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, ती म्हणाली की आता नाही गेले तर कधीच जाणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही पैसे भरले. डिसेंबरचं बुकिंग, चौदा जणांचा ग्रुप. ७ ऑक्टोबरला हमासचा हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी अलेक्झांड्रियात एका पोलिसानेच गोळ्या झाडल्या, दोन इस्रायली पर्यटक आणि त्यांचा इजिप्शियन गाईड गेले. मग फोन सुरू झाले. माझा मुलगा रोज रात्री नवी बातमी पाठवायचा. भावोजी ताईशी चार दिवस धड बोलले नाहीत. चौदातले नऊ जण गळाले. टूरवाल्याने रिफंड द्यायला साफ नकार दिला, आणि आमची विमा पॉलिसी काढून बघितली तर युद्धामुळे झालेलं काहीही त्यात धरलेलं नव्हतं. हे मी तेव्हा वाचलं, पैसे भरताना नाही. तुम्ही आधी वाचा.

मीही घाबरले होते. एका रात्री झोप येईना म्हणून उठून नकाशा उघडला. गाझा ते आमच्या सफरीतलं लक्सर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. कल्याणहून नागपूर साधारण तेवढंच. मग ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा सल्ला वाचला, कारण तो देशाला सरसकट एकच रंग देत नाही, भागाभागाने सांगतो. गाझाला लागून असलेल्या उत्तर सिनाईत अजिबात जाऊ नका, लिबियाच्या सीमेलगत जाऊ नका, पश्चिमेच्या वाळवंटात फार निकड असल्याशिवाय जाऊ नका. आणि लक्सर, आस्वान, मधला सगळा नाईलकाठ, अबू सिंबेल यांच्याबद्दल तशी मनाई नव्हती. टीव्हीवर मात्र नुसतं 'मध्यपूर्व' येत होतं. मध्यपूर्व पेटलं, मध्यपूर्वेत तणाव. त्या एका शब्दात किती गावं, किती माणसं कोंबतो आपण! भाचीला पहिली गोष्ट हीच सांगितली, की घरच्यांना आधी नकाशा दाखव आणि बोलणं मग कर.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. नातेवाईकांपैकी दोघांनी मला सरळ विचारलं, "त्या लोकांच्या देशात कशाला मरायला जाताय?" मी तेव्हा गप्प बसले, आज बसणार नाही. २४ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर सिनाईतल्या अल-रौदा गावच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला बसलेल्या लोकांवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. तीनशेहून जास्त माणसं मारली, लहान मुलंसुद्धा. हीच ती 'त्या लोकांची' माणसं. इजिप्तमध्ये दहशतवादाने सर्वांत जास्त रक्त कुणाचं सांडलं असेल तर इजिप्शियन माणसाचं. हे माहीत नसताना बोलणं वेगळं, आणि माहीत झाल्यावरही तसंच बोलत राहणं वेगळं.

पण म्हणून मी "काही होत नाही, बिनधास्त जा" असंही म्हणणार नाही. त्याचं कारण हॅटशेपसूट राणीच्या देवळात आहे.

लक्सरच्या पश्चिम काठावर, उभ्या कड्याच्या पायथ्याशी तीन गच्च्यांचं ते देऊळ आहे. मधल्या गच्चीच्या डाव्या अंगाला पुंट नावाच्या दूरच्या देशाच्या सफरीची चित्रं कोरलीत, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. शिडाची जहाजं भरतायत, आणि माणसं खांद्यावर काठी घेऊन सुगंधी झाडांची रोपं वाहून नेतायत. रोप मुळासकट उचललंय, मुळांना माती तशीच ठेवून ते टोपलीत बसवलंय. आपण नर्सरीतून आणतो अगदी तसं. मी त्या टोपलीकडे बघत उभी असताना गाईड हळू आवाजात म्हणाला, "इथेच झालं होतं." १७ नोव्हेंबर १९९७. सहा बंदूकधारी सुरक्षा दलाच्या वेशात आले आणि याच गच्चीवर त्यांनी पाऊण तास लोकांना टिपून मारलं. ६२ माणसं गेली, त्यातले ५८ परदेशी पर्यटक. ३६ एकट्या स्वित्झर्लंडचे. उरलेले चौघे इजिप्शियन. खांबामागे लपायला जागा किती, ते मी तिथे उभी राहून बघितलं. फारशी नाही.

गाईड लक्सरचाच, पन्नाशीतला. तेव्हा तो कॉलेजात होता. त्याने सांगितलं की त्यानंतर गाव असं रिकामं झालं की घोडागाडीवाल्यांना घोड्यांना चारा घालायला पैसे उरले नाहीत. मग २०११ ची क्रांती झाली, पुन्हा तेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान सिनाईवर पडलं, २२४ माणसं गेली, पुन्हा तेच. मग कोविड. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. आपल्याकडचा शेतकरी दुष्काळाची सालं मोजतो ना, तसं बोटांवर मोजून सांगत होता.

आज जी सुरक्षा दिसते ती या मेलेल्या माणसांच्या किमतीवर उभी राहिलीय. प्रत्येक देवळाच्या दारात मेटल डिटेक्टर, धक्क्यावर पर्यटन पोलीस, साध्या कोटातला एखादा माणूस आणि कोटाखाली बंदुकीचा फुगवटा. ताईला पहिले दोन दिवस त्याने जास्तच भीती वाटली. तिसऱ्या दिवशी त्या कोटवाल्यानेच तिला हात धरून फळीवरून बोटीत चढवलं, मग ती त्याला रोज "सलाम" म्हणायला लागली.

बोटीबद्दल सांगते. या बोटी धक्क्याला एकीला एक चिकटून उभ्या करतात, चार-चार, पाच-पाच. आपली बोट शेवटची असेल तर बाकीच्या सगळ्या बोटींच्या लॉबीतून चालत जावं लागतं. त्या डिसेंबरात आम्ही ज्या बोटींतून जायचो त्यातल्या काहींचे दिवे बंद होते. रिसेप्शनवर एकटा माणूस, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. आमच्या बोटीवरही निम्म्या खोल्यांना कुलूप होतं. खोली साफ करणाऱ्या मुलाने एकदा टॉवेलची मगर करून ठेवली होती, पलंगावर, ताईचा चष्मा लावून. ताई खूप हसली. दुसऱ्या दिवशी तो अडखळत इंग्रजीत विचारतो, तुमच्या देशात टीव्हीवर आमच्याबद्दल काय सांगतायत? मी म्हटलं, तुमच्याबद्दल काहीच नाही सांगत, लढाईबद्दल सांगतात. तो म्हणाला, पण लोक तर आमच्याकडे येईनासे झालेत. याला मी काय उत्तर देणार होते?

आपल्याला हे कळायला नको का? २६/११ ला मी फोर्टात बँकेत नोकरीला होते. १६६ माणसं गेली. नंतर कित्येक दिवस सीएसटीच्या त्या हॉलमधून चालताना पाय जड व्हायचे. इंग्लंडची क्रिकेट टीम दौरा अर्धवट टाकून घरी गेली होती, आणि दोन आठवड्यांत परत आली, चेन्नईला टेस्ट खेळली. सचिनने शेवटच्या दिवशी नाबाद शतक ठोकून ३८७ चा पाठलाग पुरा केला आणि ते शतक मुंबईला वाहिलं. ती टीम परत आली याचं किती बरं वाटलं होतं आपल्या सगळ्यांना! कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला असं वाटलं होतं. तोच विश्वास दुसऱ्यावर टाकायची वेळ आली की आपण 'मध्यपूर्व' म्हणून मोकळे होतो.

आणि हो, पहलगाम मी विसरलेले नाही. २२ एप्रिल २०२५ ला २६ जण गेले, महाराष्ट्रातले सहा, त्यातले तिघे आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे. त्यानंतर कुणी काश्मीरचं बुकिंग रद्द केलं असेल तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. सरकार 'सगळं सुरळीत आहे' म्हणतं म्हणून डोळे मिटून जावं असंही माझं म्हणणं नाही. जिथे जोखीम आहे तिथे ती आहे. मी फक्त एवढंच मागतेय की जोखीम नेमकी कुठे आहे ते आधी शोधा. लक्सरला बंदुकीची भीती सगळ्यांना वाटते, आणि पहाटे हॉट एअर बलूनमध्ये मात्र सगळे बिनघोर चढतात. तिथेच २६ फेब्रुवारी २०१३ ला बलून पेटून १९ पर्यटक गेलेत. मी बलूनला नाही म्हटलं. आमच्यातले तिघे जाऊन आले आणि फार सुंदर होतं म्हणाले. त्यांचा निर्णय त्यांचा.

एस्नाचं लॉक, म्हणजे बोटी खालीवर उतरवायचा पाण्याचा हौद, मात्र कुणी चुकवू नका. तिथे बंधारा आहे, बोटींना रांगेत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात लहान लहान होड्या येऊन आपल्या बोटीला दोरी अडकवतात. होडीत गलाबिया म्हणजे तिथले पायघोळ झगे, टेबलक्लॉथ, शाली. विक्रेता खालून ओरडतो आणि माल प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ वरच्या डेकवर फेकतो, तीन मजले उंच. नेम चुकत नाही. ताईच्या पायाशी एक निळी शाल येऊन पडली. पैसे दिलेले नाहीत, भाव ठरलेला नाही, माल आमच्या हातात. मग वरून-खालून घासाघीस. "अमिताभ बच्चन!" तो खालून ओरडला, आम्ही भारतीय हे कळल्यावर. दोनशे इजिप्शियन पौंडांवर जमलं. ताईने नोट त्याच पिशवीत घातली, वजनाला बोटीवरचं एक लिंबू टाकलं आणि नेम धरून खाली सोडली. बोट तेवढ्यात पुढे सरकली असती तर? आम्ही शाल घेऊन तशाच गेलो असतो तर? मी त्या माणसाकडे बघत होते. होडीत उभा, दोन्ही हात वर करून वाट बघत. घरातून निघताना विश्वासाचा सगळा हिशेब आम्हीच मांडला होता, ते लोक कसे असतील, तिथे काय होईल. आणि इथे पहिला विश्वास त्याने टाकला होता, दर वेळी टाकत असणार.

वाटेतल्या एडफू आणि कोम ओम्बो या गावांबद्दल पुन्हा कधीतरी, होरसचं देऊळ आणि मगरींच्या ममी हा स्वतंत्र विषय आहे. एक मात्र कल्याणकर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या कल्याण, सोपाऱ्याचा व्यापार याच नदीशी जोडलेला होता. माल तांबड्या समुद्रावरच्या बंदरात उतरायचा, उंटांवरून वाळवंट ओलांडून लक्सरच्या उत्तरेला कॉप्टोसला नाईलवर यायचा आणि तिथून होडीने अलेक्झांड्रियाला. तेव्हाही वाटेत चाचे होते, लुटारू होते, वाळवंटाच्या वाटेवर चौक्या-पहारे होते. संध्याकाळी डेकवर शाल गुंडाळून बसलं की दोन्ही काठांची खजुराची झाडं काळी होत जातात, आणि कुठून तरी अजान ऐकू येते, मग दुसऱ्या गावातून, मग तिसऱ्या. ताई म्हणाली, आपल्याकडे आरत्या अशाच ऐकू येतात बघ, एका आळीतून दुसऱ्या आळीत.

आस्वानहून अबू सिंबेल २८० किलोमीटर. पहाटे चारला निघालो, वाटेत चौक्यांवर पासपोर्ट दाखवले, बाकी नुसतं वाळवंट आणि सूर्योदय. रामसेसचे चारही पुतळे समोर आले तेव्हा बाकीचे सगळे फोटो काढायला पुढे धावले. ताई मात्र काठी टेकत सरळ आत गेली, भिंतीशी. गाईडला म्हणाली, सांधा दाखव. त्याला आधी समजेना. मी समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला, म्हणाला, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही. त्याने लांबूनच बोट फिरवून दाखवलं: एका योद्ध्याच्या खांद्यावरून निघून घोड्याच्या मानेखालून जाणारी एक रेघ, नखाने ओढल्यासारखी. ताई बराच वेळ तिथे उभी होती.

त्या रेघेचा फोटो तिने छापून आणला आणि वहीत बाबांच्या कात्रणाशेजारी चिकटवला. भाचीने काल फोन ठेवताना ती वही बघायला मागितलीय. रविवारी तिला आणि तिच्या आईवडिलांनाही जेवायला बोलावलंय. वही ताई घेऊन येईल, नकाशा मी काढून ठेवते.