पाठीवर पोरं घेतलेला ‘व्हायरसवाला किडा’

कित्येक वर्षं फिरणारा तो मेसेज परवा दादाने घरच्या ग्रुपवर टाकला. वर माझ्या भाचीवरून मला टोमणा: ‘चिमीला आता डबक्यात हात घालू देऊ नकोस.’

फोटोत तपकिरी, चपटा किडा, पाठीवर दाटीवाटीने बसवलेले दाणे. शेजारी भोकाभोकांचा हात. मजकूर थोडक्यात असा: डॉक्टरांचा इशारा आहे, हा किडा पहिल्यांदा भारतात दिसला, याला शिवताच व्हायरस काही मिनिटांत अंगभर पसरतो, उघड्या हाताने मारू नका, मुलांना आवर्जून सांगा. कोण डॉक्टर, ते नाही.

‘काही मिनिटांत व्हायरस’ इथेच गाडी अडते. विष मिनिटांत चढू शकतं. व्हायरसला आधी पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात. डेंगीचा डास चावला तरी ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस जातात. आणि या किड्याला शिवून कुठला व्हायरस लागल्याची वैद्यकात नोंद नाही.

‘पहिल्यांदा भारतात दिसला.’ हा बेलोस्टोमॅटिडी कुळातला, पाण्यात राहणारा, ढेकणाच्या गणातला किडा. अंटार्क्टिका सोडली तर सगळ्या खंडांवर याचे भाऊबंद आहेत.

हाताचं म्हणाल, तर कमळाच्या बिया ज्यात बसलेल्या असतात त्या भोकाळ बोंडाचा फोटो कातडीवर चढवला की असला हात तयार होतो. संगणकावरची हातचलाखी.

आता ती पाठ, जी बघून सगळे शहारतात. ते दाणे म्हणजे अंडी, आणि ती वागवणारा नर आहे. मादी त्याच्याशी जुळते, थोडी अंडी पाठीवर चिकटवते, पुन्हा जुळते, पुन्हा चिकटवते. असं करत पाठ भरून जाते. अभ्यासकसुद्धा बराच काळ याला मादीच समजत होते. 1899 मध्ये फ्लोरेन्स वेल्स स्लेटर यांनी दाखवून दिलं की हा बाप आहे. अंडी सतत पाण्याखाली राहिली तर गुदमरतात, बाहेर राहिली तर सुकतात. म्हणून तो मधूनमधून वर येऊन पाठ हवेला लावतो, आणि पाण्यात असताना पैलवानाने जोर काढावेत तसा खालीवर होत राहतो, म्हणजे अंड्यांवरून पाणी खेळतं. पंख अंड्यांखाली दबलेले, त्यामुळे तोवर उडणं बंद.

चिमीने हे पांढऱ्या ट्रेमध्ये पाहिलंय.

“आत्या, हिला ओझं नाही होत?”

“हिला नाही, ह्याला. बाबा आहे तो.”

“मग आई?”

“अंडी देऊन गेली.”

“असं चालतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मात्र ट्रेवर वाकून जोर मोजत बसली, सत्तावीसनंतर चुकली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

मेसेजमधलं एक वाक्य मी ठेवीन: उघड्या हाताने मारू नका. कारण मात्र वेगळं. हा किडा सोंड खुपसून भक्ष्याच्या अंगात पाचक रस सोडतो आणि मग ते शोषून घेतो; बेडूकमासे, गोगलगायी हे त्याचं जेवण. बोटाला चावला तर मूल भोकाड पसरेल, इतकं दुखतं. पीडेरस नावाचा नारिंगी-काळा, मुंगीएवढा किडा तर चावतही नाही. पण कातडीवर चिरडला की त्याच्या रसाने एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. तो फुंकर मारून उडवायचा. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही. म्हणून आमच्याकडे चिमटीत धरणं नाही, चापट नाही: चाळणीने उचलायचं, ट्रेमध्ये बघायचं, त्याच पाण्यात परत सोडायचं. डबक्याशी मोठं माणूस हवंच, पण ते किड्यापेक्षा पाय घसरण्याच्या भीतीने.

ग्रुपवर एवढं सगळं कोण वाचणार! मी दादाला इतकंच लिहिलं: “फोटोतला गृहस्थ बाळंतपणाच्या रजेवर आहे, त्याला त्रास देऊ नकोस.” बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: “चाळणी कुठली घेऊ?”