गुरुवारी टीव्ही बंद

भाऊ पुण्याहून फोन करतो तेव्हा आमचं एक भांडण ठरलेलं असतं. जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला, ओरड झाली आणि आदेश थांबला, तेव्हापासूनचं. त्याचं म्हणणं एवढंच, "आता रेडिओ ऐकतो कोण? सरकारने पैसे कशाला घालायचे?"

मी राहतो आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला. अख्ख्या आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे पुण्यातल्या दोन-चार प्रभागांएवढी. तरी या लोकांचं स्वतःचं सार्वजनिक प्रसारण आहे, 'रूव'. रेडिओ 1930 पासून, टीव्ही 1966 पासून. टीव्ही आला त्यामागेही भांडणच होतं. केफ्लाविकच्या अमेरिकी लष्करी तळावरचं चॅनेल रेक्याविकमधल्या घरांत दिसायला लागलं, पोरं ते बघायला लागली. 1964 मध्ये साठ नामवंतांनी संसदेकडे तक्रार केली की हे आवरा. दोन वर्षांत स्वतःचा टीव्ही सुरू झाला. मात्र 1987 पर्यंत दर गुरुवारी तो बंद असायचा आणि 1983 पर्यंत जुलैचा अख्खा महिना सुट्टी! माणसं मोजकी, त्यांनाही विश्रांती हवी. आपल्याकडे असं कुणी सुचवलं असतं तर वेड्यात काढलं असतं. इथले म्हातारे मात्र त्या गुरुवारांबद्दल फार मायेने बोलतात.

याचे पैसे मीही भरतो. सोळा ते सत्तर वयाच्या, ठरावीक उत्पन्नावरच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा कराबरोबर वीस हजार क्रोनांच्या आसपास द्यावे लागतात. म्हणजे बारा-पंधरा हजार रुपयांच्या घरात. घरात टीव्ही आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी मी चांगलाच चिडलो होतो. भाषा कळत नव्हती, मग पैसे कशाचे?

10 नोव्हेंबर 2023 च्या रात्री ज्वालामुखीच्या भीतीने इथलं ग्रिंडाविक गाव रिकामं केलं. जमीन हादरत होती, कधी कुठे फुटेल सांगता येत नव्हतं. त्या रात्री 'रूव'च्या इंग्रजी बातम्या मी मोबाईलवर वाचत बसलो होतो, शेजारचा पोलिश सुतार 'रूव'च्याच पोलिश बातम्या. त्यानंतर कराबद्दल मी तोंड उघडलेलं नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. 'रूव' जाहिरातीही घेतं, म्हणून खाजगी माध्यमांचा जळफळाट असतो, आणि तो अगदीच खोटा नाही. मार्च 2023 अखेर 'फ्रेत्ताब्लादिद' हे मोठं दैनिक बंद पडलं, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. शिवाय संचालक मंडळ संसद निवडते, म्हणजे पक्षांची सावली आलीच. पण लोक 'रूव'शी भांडतात ते स्वतःच्या खिशातले पैसे मोजून. गावातल्या कुणाचं निधन झालं तर ते संध्याकाळी रेडिओवर वाचून दाखवायचे, आणि माझी घरमालकीण त्या वेळी स्वयंपाक थांबवायची.

आपल्याकडे घरी रेडिओ-टीव्ही ठेवायला पैसे भरून परवाना काढावा लागायचा, तो 1985 मध्ये गेला. सुटका झाली म्हणून सगळे खूश. मला वाटतं, त्याच वेळी आपला हक्कही सैल झाला. 1997 मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती कागदावर स्वायत्त झाली, पण खर्च मुख्यतः केंद्राच्या अनुदानावर. मग पुण्यातलं वृत्तकेंद्र कुठे असावं, हेही तिकडूनच ठरणार. आणि खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आजही नाही. म्हणजे "ऐकतो कोण" म्हणणाऱ्या भावाला रेडिओवर गावची बातमी द्यायला दुसरं आहेच कोण?

मागच्या रविवारी त्याने पेचात पकडलं. "पुणे आकाशवाणीसाठी वर्षाला पाचशे रुपये मागितले तर देशील?"

देईन म्हटलं. पण मग सकाळच्या सात वाजून पाचच्या बातम्यांत मंत्र्यांच्या उद्घाटनांनी किती मिनिटं खाल्ली, हे घड्याळ लावून मोजीन आणि दर महिन्याला पत्र लिहीन.

तो हसला. म्हणाला, "पत्र मराठीत लिही, तिथली भाषा नको."