‘कमी गेलं की आत साचतं’ म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. पाळी दोनच दिवस आली तर घाण रक्त पिशवीत साचतं, वजन वाढतं, मूल राहत नाही. सात दिवस तिळाचा काढा घ्या, सगळं मोकळं होईल.

आधी ‘साचतं’ बघू. पाळीत जातं ते रक्त आणि गर्भाशयाचं त्या महिन्यापुरतं वाढलेलं अस्तर. त्यात घाण कसली? अस्तर पातळ वाढलं की कमी जातं, मागे काही उरत नाही. दोन ते सात दिवस आणि सगळं मिळून ५ ते ८० मिलि, इथवर काळजी नाही. ५ मिलि म्हणजे चहाचा एक चमचा! रक्त खरंच अडतं तेव्हा वाटच बंद असते: वयात आलेल्या मुलीच्या ओटीपोटात दर महिन्याला कळा येतात, पण अंगावर काहीच जात नाही. तिला डॉक्टरकडे न्यायचं.

वजनाचं म्हणणं तर उलटंच. पीसीओडी (बीजकोशाचा, हार्मोन्सचा बिघाड) असला किंवा थायरॉइड मंदावलं की वजनही वाढू शकतं आणि पाळीही बिघडते.

मूल राहण्याचं मात्र नीट बघायला हवं. पहिल्यापासून दोनच दिवस जातं आणि पाळी २४ ते ३८ दिवसांत येते, तर बहुधा बीज सुटतंय. पण चार दिवस जाणारीला अचानक नुसता डागच दिसला, तर आधी सकाळच्या पहिल्या लघवीची गरोदरपणाची चाचणी. चाचणी निगेटिव्ह आली तर आठवड्यानं पुन्हा. क्युरेटिंगनंतर (पिशवी आतून खरवडून साफ केल्यावर) कमी झालं असेल तर पिशवीच्या भिंती आतून चिकटलेल्या असू शकतात. पिशवीचा टीबीही असं करतो, त्याला काढा काय करणार? गर्भनिरोधक गोळ्या किंवा अंतरा इंजेक्शन चालू असेल तर कमी जाणं अपेक्षितच. तांबीनं उलट जास्त जातं.

काढ्याचे सात दिवस एखादीला महागात पडतील. पाळी चुकलीय, डाग दिसतोय, पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय: गर्भ नळीत असू शकतो. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सिव्हिल गाठायचं.

बाकीच्यांनी तीन महिने कालनिर्णयवर तारीख आणि किती पॅड पूर्ण भिजले एवढं लिहावं. आकडेच असल्यानं कन्नड डॉक्टरांनाही दाखवता येतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (एका हार्मोनची तपासणी), सोनोग्राफी यातलं काय करायचं, ते बरंचसं त्यावरूनच ठरतं.